पान हाताच्या पुढे पळतं: दिवाळी अंकाच्या पानआराखड्याच्या नोंदी

सोमवार, ५ ऑगस्ट २०१३

दिवाळी अंकाच्या कार्यालयातून फोन आला. आपण करून दिलेला पानआराखडा त्यांच्याकडे चालत नाहीये. माझ्याकडे क्रोममध्ये व्यवस्थित चालतो, म्हणून दुपारी स्वतः जाऊन आलो.

नंतर विसरायला होतं म्हणून काम काय आहे ते लिहून ठेवतो. अंक १९२ पानांचा, म्हणजे सोळा पानांचे बारा फॉर्म. प्रत्येक फॉर्मची एक पट्टी, पट्टीत आठ-आठ पानांच्या दोन ओळी. मजकुराचं किंवा जाहिरातीचं पान माउसने उचलायचं आणि हवं तिथे ठेवायचं. याआधी हे काम भिंतीवर ड्रॉइंग पेपर चिकटवून, पेन्सिलने लिहून आणि खोडून व्हायचं. तो कागद अजून भिंतीवर आहे आणि मांडणी बघणारे काका अजूनही आधी त्याच्याकडेच बघतात.

चार संगणक विंडोज एक्सपीचे, त्यावर इंटरनेट एक्स्प्लोरर ८. एक्सपीवर त्याच्यापुढची आवृत्ती चढतच नाही. जाहिरात विभागातल्या ताईंचा संगणक विंडोज ७ चा, त्यावर एक्स्प्लोरर ९. संपादकांच्या लॅपटॉपवर फायरफॉक्स. "दुसरा ब्राउझर टाकू या का?" असं विचारून पाहिलं. जाहिरातींच्या बिलांचं जुनं सॉफ्टवेअर ॲक्टिव्हएक्सवर चालतं, ते एक्स्प्लोररशिवाय उघडत नाही आणि दोन ब्राउझर ठेवले तर लोक गोंधळतात. म्हणजे नाही.

काकांनी तक्रारी कागदावर लिहून ठेवल्या होत्या, त्या जशाच्या तशा:

पान उचलतच नाही.
ताईंच्याकडे उचलतं पण हातात दिसत नाही.

गणपती ९ सप्टेंबरला. त्याआधी पहिले चार फॉर्म पक्के करायचे आहेत. म्हणजे महिना आहे.

मंगळवार, ६ ऑगस्ट

पहिली तक्रार घेतली. मी ब्राउझरचं स्वतःचं ड्रॅग-अँड-ड्रॉप वापरलं होतं, एचटीएमएल ५ मधलं. गंमत अशी की ही सोय मुळात १९९९ च्या एक्स्प्लोरर ५ मधली. एचटीएमएल ५ ने ती तिथून उचलली आणि प्रमाण केली. म्हणजे जिचं माहेर एक्स्प्लोरर, तीच सोय एक्स्प्लोरर ८ मध्ये अडते. कारण त्या घराण्यात दहावी आवृत्ती येईपर्यंत आपोआप ओढता येतात फक्त दोन गोष्टी: चित्र आणि दुवा. साध्या चौकोनाला 'ड्रॅगेबल' म्हटलं तरी ब्राउझर ढिम्म. ताईंच्याकडे उचललं जात होतं ते जाहिरातीचं चित्र होतं, आपला चौकोन नव्हेच.

यावर जुनी युक्ती आहे: मजकूर निवडायला सुरुवात होते त्या क्षणी चौकोनाचं 'ड्रॅगड्रॉप' फंक्शन हाताने बोलवायचं. केलं. उचललं गेलं, पण लगेच पुढची चूक. ओढताना सोबत माहिती द्यावी लागते. मी तिचा प्रकार 'टेक्स्ट/प्लेन' असा लिहिला होता. एक्स्प्लोररला फक्त 'टेक्स्ट' आणि 'यूआरएल' हे दोनच शब्द कळतात, तिसरा दिसला की चूक दाखवून थांबतो. बरं, माहिती द्यायचीच नाही असं ठरवलं, तर फायरफॉक्स ओढणं सुरूच करत नाही. शेवटी सगळीकडे 'टेक्स्ट' लिहिलं.

एवढं होऊनही पान हातात दिसत नाही, नुसता कर्सर बदलतो. काकांना पान हातात दिसायला हवं आणि ते बरोबरच आहे. भिंतीवरचा कागद निदान दिसतो तरी.

बुधवार, ७ ऑगस्ट

ब्राउझरची सोय सोडली. आता साधा माउस: दाबला, हलला, सुटला. या तीन घटनांवर सगळं. त्यासाठी जेक्वेरी आणि जेक्वेरी यूआय, ही ब्राउझरसाठीची तयार कोडची साधनं. जेक्वेरीची दोन मालिका याच एप्रिलमध्ये आली, पण तिने एक्स्प्लोरर ६ ते ८ सोडून दिलेत, त्यामुळे आपल्याला ती निरुपयोगी. एका जुन्या प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये दोन्ही फायली होत्या, त्याच उचलल्या. संध्याकाळपर्यंत व्हर्च्युअल मशीनवरच्या (माझ्या संगणकातच चालणाऱ्या नकली संगणकावरच्या) एक्सपीत, एक्स्प्लोरर ८ मध्ये पान उचललं, हातात दिसलं, पडलं. रात्री त्यांच्या सर्व्हरवर चढवलं.

(फायलींची आवृत्ती बघितली नाही. १४ तारखेची नोंद पाहा.)

गुरुवार, ८ ऑगस्ट

सकाळी साडेदहाला फोन. आता पान उचललं जातं, पण

पान दुसऱ्या फॉर्मच्या खाली घुसतं.
निळी रेघ (पान कुठे पडणार ते दाखवणारी) बाजूच्या पानावर येते.
आणि काकांच्या शब्दांत, "पान माझ्या हाताच्या पुढे पळतं."

माझ्याकडे यातलं एकही होत नाही. एक्सपी तोच, एक्स्प्लोरर ८ तोच.

सर्व्हरची नोंदवही उघडून पाहिली तर त्यांच्याकडून येणाऱ्या प्रत्येक विनंतीत ब्राउझरची ओळख 'एमएसआयई ७.०' अशी. घ्या! म्हणजे यांच्याकडे सात आहे आणि सांगताना आठ सांगितलं. सातमध्ये पानाच्या मुळाभोवती दोन पिक्सेलची कड धरली जाते, म्हणून मोजमापं दोन पिक्सेलने चुकतात, हे माहीत होतं. ओळख सात असेल तर दोन वजा करायचे, अशी ओळ घातली. निळी रेघ जागेवर आली. फोनवर "वा" मिळाला.

बाकीच्या दोन तक्रारी तशाच.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

दिवसभर झेड-इंडेक्स, म्हणजे कुठला चौकोन कुणाच्या वर दिसेल ते ठरवणारा आकडा. नऊशे, नऊ हजार, नव्याण्णव हजार. काही उपयोग नाही. अंदाजाने दगड मारत बसलोय.

सोमवार, १२ ऑगस्ट

आज कार्यालयात काकांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. तीन तास बसलो, त्यातली शेवटची वीस मिनिटं कामाची.

आधी मदत मेनूतून आवृत्ती बघितली. आठच आहे. चारही संगणकांवर आठ. मग नोंदवहीत सात का?

काकांना म्हटलं, एक पान उचलून दाखवा. त्यांनी पहिल्या फॉर्ममधलं तिसरं पान उचललं, उजवीकडे न्यायला लागले. डावीकडे असेपर्यंत पान कर्सरच्या जवळ होतं. जसजसं उजवीकडे गेलं तसतसं अंतर वाढत गेलं. कर्सर पाचव्या पानावर आला तेव्हा पान सहाव्याच्या पुढे. काका पानाकडे बघून माउस सोडतात, प्रोग्रॅम कर्सरकडे बघून जागा ठरवतो. म्हणून पान भलतीकडे पडतं. मी शेजारच्या संगणकावर करून पाहिलं तर पान अगदी कर्सरला चिकटून. फरक काय? काकांनी चष्म्याच्या वर बघत खाली उजव्या कोपऱ्यात बोट ठेवलं: झूम १२५ टक्के. "बारीक दिसतं हो मला."

डोक्यात काहीतरी हललं, पण पूर्ण नाही. एक्स्प्लोरर ७ मध्ये झूम केला की माउसची जागा पडद्यावरच्या खऱ्या पिक्सेलमध्ये मिळते, आणि आपण चौकोन ठेवतो तो पानाच्या पिक्सेलमध्ये. म्हणजे कर्सर ५०० वर असेल तर आपण चौकोनाला ५०० सांगतो आणि तो दिसतो ६२५ वर. डावीकडे फरक थोडा, उजवीकडे जास्त. जे बघितलं ते हुबेहूब हेच. आठमध्ये हे सुधारलेलं आहे. पण हा तर आठ!

मग मी त्याच संगणकावर, त्याच ब्राउझरमध्ये, माझ्या सवयीने सर्व्हरचा पत्ता आकड्यांत टाइप केला. पान कर्सरला चिकटलं. फॉर्मच्या वरून गेलं. झूम १२५ असूनही.

काका नाव टाइप करतात, मी आकडे. सर्व्हर एकच. नाव टाकलं की बिघडतं, आकडे टाकले की चालतं. काका म्हणाले, "मग मी पण आकडे टाकू का?" मोह झाला होता हो म्हणायचा.

एफ-१२ दाबून ब्राउझरची तपासणीची खिडकी बघितली तेव्हा उलगडलं. नाव टाकलं की 'डॉक्युमेंट मोड' सात. आकडे टाकले की आठ.

कारण असं. एक्स्प्लोरर ८ मध्ये जुन्या साइटींसाठी कम्पॅटिबिलिटी व्ह्यू नावाची सोय आहे, त्यात तो स्वतःला सात समजून वागतो. कार्यालयाच्या आतल्या, म्हणजे इंट्रानेटवरच्या साइटींना ही सोय मुळातच चालू असते, कारण आतली सॉफ्टवेअरं जुनी असणार असं धरलेलं. आणि आतली साइट कशी ओळखायची? पत्त्यात एकही टिंब नसेल तर आतली. आमच्या सर्व्हरचं नाव एका शब्दाचं, त्यात टिंब नाही. आकड्यांच्या पत्त्यात तीन टिंबं, म्हणून तो बाहेरचा, म्हणून आठ. घरगुती संगणकावर इंट्रानेटची ओळख बंद असते आणि वर पिवळी पट्टी येऊन विचारते. इथे संगणक बसवताना कुणीतरी तिच्यावर क्लिक करून ती चालू करून टाकली असणार.

फॉर्मखाली घुसणंही याचंच. सातमध्ये पोझिशन दिलेला प्रत्येक चौकोन झेड-इंडेक्स न देताही स्वतःचा वेगळा थर करून बसतो. आतल्या पानाला नव्याण्णव हजार दिले तरी ते आपल्याच फॉर्मच्या थरात. शेजारचा फॉर्म नंतरचा, म्हणून वर. खोलीत कितीही उंच स्टुलावर चढलं तरी वरच्या मजल्यावर पोचत नाही, तसं.

शुक्रवारचा पूर्ण दिवस मी नसलेल्या बिघाडाशी भांडत होतो. बिघाड माझ्या कोडमध्ये नव्हताच, पान कुठल्या मोडमध्ये उघडतंय हेच मला ठाऊक नव्हतं.

मंगळवार, १३ ऑगस्ट

उपाय सोपा. पानानेच ब्राउझरला सांगायचं की तुझा सर्वात नवा मोड वापर: 'एक्स-यूए-कम्पॅटिबल', किंमत 'आयई=एज'. आधी मेटा टॅग, म्हणजे पानातच लिहिलेली सूचना, घातला. उपयोग शून्य. अर्धा तास गेल्यावर आठवलं की हा टॅग स्टाइलशीट आणि स्क्रिप्टच्या आधी यावा लागतो आणि मी तो सगळ्यांच्या शेवटी घातला होता. टॅगचा नाद सोडून अपाचीच्या, म्हणजे सर्व्हरच्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमध्ये हेडरच (पानासोबत सर्व्हरने पाठवायची सूचना) घातलं. आता सगळ्याच पानांना लागू, कुणी टॅग हलवायला नको.

नावाने उघडलं, मोड आठ. झूम १२५ वर पान हातात. फॉर्मच्या वरून जातं. जिंकलो.

आणि निळी रेघ पुन्हा दोन पिक्सेल सरकलेली, या वेळी उलट्या बाजूला.

ही मात्र पूर्णपणे माझी चूक. मोड आठ झाला तरी ब्राउझर सर्व्हरला पाठवतो ती ओळख सातचीच राहते. माझी गुरुवारची ओळ ती ओळख वाचून दोन वजा करतच होती, आता मात्र वजा करायला काही उरलं नव्हतं. नोंदवहीतल्या त्याच ओळखीत 'ट्रायडंट/४.०' असंही लिहिलेलं होतं. ट्रायडंट ४ म्हणजे एक्स्प्लोरर ८ चं इंजिन. गुरुवारी ओळ शेवटपर्यंत वाचली असती तर चार दिवस वाचले असते.

ओळख बघणं बंद. जिथे गरजच असेल तिथे 'डॉक्युमेंटमोड' विचारायचा. दोन पिक्सेलसाठी तोही नको: मुळाची कड किती हे ब्राउझरलाच विचारून तेवढी वजा करायची. आठमध्ये ती शून्य येते, सातमध्ये दोन. कुणाची ओळख काय, हा प्रश्नच उरत नाही.

बुधवार, १४ ऑगस्ट

ताईंचा फोन. काल दुपारपासून त्यांच्या संगणकावर पान उचललं की तिथल्या तिथे सुटतं. आधी चालत होतं!

एक्स्प्लोरर ९. हेडर घालेपर्यंत तोही सात होऊन वागत होता. हेडर घातल्यावर पहिल्यांदाच नऊ झाला आणि माझी जुन्या फोल्डरमधली जेक्वेरी यूआय उघडी पडली. फाइल निघाली २०१० च्या उन्हाळ्यातली, १.८.२. एक्स्प्लोरर ९ तेव्हा जन्मला नव्हता.

त्या फाइलीत एक शहाणपणाची ओळ आहे. माउस खिडकीबाहेर जाऊन सुटला तर एक्स्प्लोररला सुटल्याचं कळत नाही. म्हणून माउस हलताना प्रत्येक वेळी बटण तपासायचं: बटण शून्य असेल तर ते दाबलेलं नाही, म्हणजे बाहेर कुठेतरी सुटलंय, पान टाकून द्या. आठपर्यंत हे बरोबर, कारण तिथे डावं बटण म्हणजे एक. नऊने प्रमाण पद्धत घेतली, त्यात डावं बटण म्हणजे शून्य. झालं! डावं बटण घट्ट दाबून ठेवलेलं आणि प्रोग्रॅम म्हणतो सुटलं.

फाइल बदलली: जेक्वेरी १.१०.२, यूआय १.१०.३. दोन्ही आठला चालतात. ताईंचं काम सुरू. उद्या पंधरा ऑगस्ट, सुट्टी.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

उजवीकडच्या पूर्वदृश्याच्या चौकटीवरून पान नेलं की अडकतं. ती आयफ्रेम, म्हणजे पानात बसवलेलं दुसरं पान आहे; कर्सर तिच्यावर गेला की माउसच्या घटना तिच्या पोटात जातात. ओढताना तिच्यावर पारदर्शक पडदा टाकला. क्रोममध्ये ठीक, एक्स्प्लोररमध्ये पडदा असून नसल्यासारखा: पार्श्वभूमी नसलेला रिकामा चौकोन माउसला आरपार जाऊ देतो. पडद्याला पांढरा रंग दिला आणि मग तो जवळपास पूर्ण पारदर्शक केला. डोळ्याला दिसत नाही, माउसला लागतो. जेक्वेरी यूआयमध्ये 'आयफ्रेमफिक्स' म्हणून हाच पांढरा पडदा तयार मिळतो हे नंतर दिसलं. माझा काढून त्यांचा वापरला.

मंगळवार, २० ऑगस्ट

आठवं पान खाली पडतं.

ही तक्रार मला आवडली, कारण ती सगळ्या ब्राउझरांत आहे, क्रोममध्येसुद्धा. माझ्या पडद्यावर मी नेहमी फॉर्मच्या मधलंच पान उचलून बघायचो आणि दुसऱ्या ओळीकडे लक्ष द्यायचो नाही. पान उचललं की त्याच्या जागी तुटक रेघांचा रिकामा चौकोन राहतो, म्हणजे ओळ मोडत नाही. त्या चौकोनाला दोन पिक्सेलची कड दिली होती. डावीकडे दोन, उजवीकडे दोन, रुंदी चार पिक्सेलनी वाढली. ओळीत तेवढी जागा नाही, मग ओळीतलं शेवटचं पान खाली ढकललं जातं, आणि त्यामागे पुढची आठही सरकतात. काकांना उचललेलं पान सोडून बाकी नऊ पानं हललेली दिसतात.

कड रुंदीच्या आत मोजायला सांगितलं. 'बॉक्स-सायझिंग' आठमध्ये चालतं, सातमध्ये नाही. हेडर आहे म्हणून आता निर्धास्त.

फॉर्मच्या शेवटी जोडपान आलं तर काय, हा वेगळाच प्रश्न. दोन पानी जाहिरात सम पानावरच सुरू व्हायला हवी, म्हणजे उघडल्यावर डावीकडे. विषम पानावर सोडली तर अर्धी जाहिरात मागच्या बाजूला जाईल. सध्या तशी सोडली की ती लाल होऊन जागेवर परत जाते. ताई म्हणाल्या, "परत गेली की मला वाटतं माझाच हात सुटला." लाल असताना "सम पानावर ठेवा" असं लिहून येईल असं केलं.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

एक्सपीवर पान ओढताना अडखळतं. ५१२ एमबीचे संगणक, चूक त्यांची नाही. माउस तसूभर हलला की मी १९२ चौकोनांची जागा नव्याने विचारत होतो आणि मध्येच निळी रेघ हलवत होतो. रेघ हलवली की ब्राउझरला सगळी मांडणी पुन्हा मोजावी लागते, मग पुढच्या चौकोनाची जागा सांगता येते. विचारणं, हलवणं, विचारणं, हलवणं.

आता पान उचलताना फॉर्मच्या फक्त बारा पट्ट्या मोजतो. कर्सर कुठल्या पट्टीत आहे ते कळलं की आतलं पान भागाकाराने निघतं, सगळी पानं एकाच मापाची आहेत. ओढलेल्या पानाची अर्धपारदर्शकताही काढली. आठमध्ये ती फिल्टरने करावी लागते आणि त्याचा भार पडतो. जाड काळी कड दिली. काकांना उलट तीच जास्त आवडली.

गुरुवार, २९ ऑगस्ट

गोपाळकाला. रस्ते बंद, गेलो नाही. घरून बघितलं तर त्यांच्या सर्व्हरवर एक फॉर्म पूर्ण भरलाय.

बुधवार, ४ सप्टेंबर

कार्यालयात गेलो. भिंतीवरचा कागद तिथेच आहे, पण त्यावरचा पेन्सिलचा मजकूर दोन आठवड्यांपूर्वीचा. काकांनी माझ्यासमोर पाचव्या फॉर्ममधली एक कथा सातव्यात नेली, दोनदा विचार बदलला, परत आणली. एकदाही कर्सरकडे बघितलं नाही.

त्यांचं एक मागणं आहे: ओढताना पानाचा क्रमांक मोठा दिसावा. झूम १२५ वरही तो बोटाएवढा हवा. हे उद्या.

संपादकांनी विचारलं की हे पुढच्या वर्षीही चालेल ना. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपतोय, पण बिलांचं सॉफ्टवेअर कुणी हलवल्याशिवाय ते चार संगणक तिथून हलणार नाहीत. म्हणून एक्स्प्लोरर ८ चं व्हर्च्युअल मशीन ठेवून दिलंय. त्याची मुदत नव्वद दिवसांची असते, संपली की नवं उतरवायचं. मशीनच्या डेस्कटॉपवर आराखड्याचा शॉर्टकट केलाय, आकड्यांनी नव्हे, नावाने.